नवा ग्रंथ वाचनालयात येतो कसा?

दर दिवाळीस आपण वहीपूजन करितो. जुनी खाती मिटतात, नवी रोकडवही उघडते, आणि दुकानातील मालाची मोजदाद होते. कोणता माल संपला, कोणता पडून राहिला, कोणता पुन्हा मागवावा, याचा विचार ज्या पेढीवर वेळच्या वेळी होतो तीच पेढी टिकते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविले. परंतु आपल्याच गावच्या वाचनालयातील कपाटांची अशी मोजदाद आपण कधी केली आहे काय? तेथे शेवटचा नवा ग्रंथ केव्हा आला, तो कोणी निवडला, कोणाकडून आला, आणि त्याच्या मागून दुसरा का आला नाही, हे प्रश्न आपण विचारीत नाही. आपण फार तर एखाद्या समारंभात पाच-पंचवीस पुस्तके भेट देतो आणि कर्तव्य पार पडले असे मानतो.

प्रस्तुत लेखात आम्हांस या विषयाचा व्यापारी दृष्टीने विचार करावयाचा आहे. कारण वाचनालयात नवा ग्रंथ येणे ही जितकी विद्येची गोष्ट आहे तितकीच ती पुरवठ्याची गोष्ट आहे. आणि पुरवठा म्हणजे काय, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

आपल्या दोन तहसिलांची अडचण

पांढुर्णा आणि सौंसर यांची स्थिती इतर गावांहून वेगळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पुढे सन २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारदरबारी इतके फेरबदल झाले, तरी घरातील भाषा मराठीच राहिली. संत्र्याचा व कापसाचा व्यवहार नागपूरशी, सोयरीक विदर्भाशी, आणि शाळा व कचेरी बहुतांशी हिंदीत, असा आपला त्रिवेणी संसार आहे. हिंदीचा आम्हांस मुळीच परकेपणा नाही. परंतु आजीने सांगितलेली गोष्ट नातवास मराठी पुस्तकात सापडू नये, इतका दुरावा पडावा हे कोणासही रुचणारे नाही. हा दुरावा टाळावयाचा तर मराठी नवे ग्रंथ या दोन गावांत नियमाने आले पाहिजेत. नियमाने, हा शब्द महत्त्वाचा आहे.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात याची सरकारी व्यवस्था आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा सन १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अमलात आला. त्याअन्वये मान्यताप्राप्त वाचनालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग केले जातात, त्यांना वर्गाप्रमाणे अनुदान मिळते, आणि त्यातील ठराविक हिस्सा ग्रंथांवर खर्चावा लागतो. ग्रंथालय संचालनालय निवडक ग्रंथांची यादीही प्रसिद्ध करिते. परिणाम असा की, खेड्यातील लहानशा वाचनालयातही दरवर्षी थोडा तरी नवा माल येतोच. परंतु हा कायदा महाराष्ट्राच्या हद्दीत थांबतो. मराठी भाषा मात्र त्या हद्दीत थांबत नाही, आणि आपली सारी अडचण या दोन वाक्यांत आली.

ग्रंथ मिळविण्याच्या जुन्या वाटा

ग्रंथ मिळविण्याची सर्वांत जुनी वाट दानाची. आपल्या समाजात आहार, औषध, अभय आणि शास्त्र ही चार दाने सांगितली आहेत. व्रताचे उद्यापन झाले म्हणजे श्रावक-श्राविका एखाद्या ग्रंथाची प्रत लेखकाकडून करवून घेत आणि ती मंदिराच्या शास्त्रभांडारास अर्पण करीत. ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयासाठी ही प्रत लिहविली, अशी नोंद कितीतरी हस्तलिखितांच्या अखेरीस आढळते. आपल्या विदर्भातील कारंजा (लाड) येथील सेनगण व बलात्कारगण मंदिरांची भांडारे अशाच दानांतून भरली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची सन १९२६ मध्ये नागपुरास प्रसिद्ध केली, तीत कारंजाच्या या धनाची नोंद झाली, आणि पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादून जगापुढे आणिले.

या दानात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दाता आपल्या घरातील नकोसा झालेला ग्रंथ देत नसे. भांडारात जो हवा तो ग्रंथ मुद्दाम लिहवून देई. आज आपण वाचनालयास देतो ती पुस्तके बहुधा माळ्यावरील असतात. त्यांस दान म्हणण्यापेक्षा घरातील अडगळ काढणे म्हणणे अधिक खरे होईल.

दुसरी वाट आगाऊ वर्गणीची. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड काम हाती घेतले, ते राजाश्रयावर नव्हे. नागपुरास नोंदविलेली ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी, तिचे भागधारक, आणि गावोगावचे आगाऊ वर्गणीदार यांच्या बळावर सन १९२९ पर्यंत त्याचे २३ विभाग पुरे झाले. वर्गणी भरलेल्या संस्थेस प्रत्येक विभाग निघताच मिळे, दर खेपेस नव्याने ठराव करावा लागत नसे. आजही मराठी प्रकाशक मोठ्या ग्रंथास ‘प्रकाशनपूर्व सवलत’ देतात, ती याच जातीची.

तिसरी वाट कायद्याची. सन १९५४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकास आपल्या नव्या ग्रंथाची एकेक प्रत स्वखर्चाने कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मद्रासचे कोनेमरा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांस पाठवावी लागते. हा लाभ त्या चार मोठ्या घरांचा. आपल्यासारख्या गावांस तेथून काही येत नाही.

चौथी वाट सरकारी साहाय्याची. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान २२ मे १९७२ रोजी कलकत्त्यास स्थापन झाले. राज्याने आपला वाटा घातला की प्रतिष्ठानही आपला वाटा घालते आणि त्यातून वाचनालयांस ग्रंथ मिळतात. वाट चांगली आहे, परंतु ग्रंथांची निवड वरच्या समित्यांत होते. आपल्या दोन गावांस मराठी ग्रंथ हवेत हे आपण वेळेवर आणि लेखी कळविले नाही, तर ते वरच्या समितीस कळावे कसे? मागणी न नोंदविता माल आला नाही म्हणून रुसणारा ग्राहक आपल्यालाही आवडत नाही.

पाचवी वाट : विक्रेत्याशी बांधलेला पुरवठा

उरली ती पाचवी वाट, आणि जगातील बहुतेक चांगली वाचनालये याच वाटेने चालतात. एका विश्वासू ग्रंथविक्रेत्याशी वर्षाचा करार करावयाचा आणि नवा माल ठरलेल्या रीतीने घ्यावयाचा.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. वाचक मागणीवहीत आपणांस हवे ते ग्रंथ लिहितात. ग्रंथपाल ती मागणी, नियतकालिकांतील परीक्षणे व प्रकाशकांच्या सूची एकत्र करून यादी तयार करितो, आणि ती जुन्या नोंदींशी ताडून पाहतो, म्हणजे असलेला ग्रंथ पुन्हा येत नाही. निवड समिती यादीवर सही करिते. मागणीपत्र विक्रेत्याकडे जाते, आणि त्यात इतक्या दिवसांत न मिळाल्यास मागणी रद्द समजावी अशी मुदत असते. ग्रंथ आले म्हणजे बीजकाशी, आवृत्तीशी व छापील किंमतीशी पडताळणी होते, फर्मा उलटा किंवा गळालेला नाही हे पाहिले जाते, मग दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, शिक्का बसतो, आणि तो क्रमांक बीजकावर लिहून रक्कम चुकती होते. आपल्या गोदामातील आवक याहून निराळी असते काय?

याखेरीज दोन प्रकार आहेत. एक कायम मागणीचा : एखाद्या मालेचे सर्व खंड, अथवा अमुक लेखकाचे प्रत्येक नवे पुस्तक, न विचारता पाठवावे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड सन १९७६ मध्ये निघाला आणि काम २० खंडांचे झाले. ज्या वाचनालयांनी मागणी कायम नोंदविली नाही, त्यांच्याकडे असे संच मध्येच तुटतात. दुसरा प्रकार पसंतीचा : विक्रेत्याने ग्रंथांचा गठ्ठा आणून ठेवावा, समितीने चाळून पाहावे, हवे ते ठेवावे, उरलेले परत करावे. कापडाच्या दुकानात घरच्या मंडळींसाठी साड्या पसंतीस पाठवितात, तद्वतच हे. लहान गावास हा प्रकार फार सोयीचा, कारण पुस्तक हाती घेऊन निवडता येते.

आमची एक चूक

येथे आमचा स्वतःचा अनुभव सांगणे इष्ट वाटते, कारण त्यात चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या समितीत आमच्यापैकी दोघे-तिघे बसत. खरेदीची वेळ आली तेव्हा आम्ही व्यापारी बाण्याने तीन ठिकाणचे दर मागविले. एकाने १५ टक्के वटाव देऊ केला, दुसऱ्याने २०, तिसऱ्याने ४५. आम्ही तिसऱ्यास मागणी दिली आणि संस्थेचे पैसे वाचविले म्हणून मनात सुखावलो.

गठ्ठे आले, आणि उघडताच आमचे चेहरे उतरले. एकाच चरित्राच्या पाच पाच प्रती, वर्षे उलटून गेलेली परीक्षांची मार्गदर्शके, आणि कित्येक पुस्तकांवर छापील किंमतीवर नवी चिठ्ठी चिकटवून किंमत वाढविलेली. आमच्या यादीतील बहुतेक ग्रंथांपुढे ‘उपलब्ध नाही, त्याऐवजी’ असा शेरा होता. एक वृद्ध बाई दर आठवड्यास एका नव्या कादंबरीची चौकशी करीत असत. त्यांनी कपाटाकडे पाहिले, दोन पुस्तके उचलून परत ठेविली, आणि म्हणाल्या, “पुस्तकं पुष्कळ आली हो, पण आमच्यासाठी काही आलं नाही.” पुढील महिन्यात त्यांनी वर्गणी भरली नाही. कोणीही आम्हांस दोष दिला नाही, पण ते एक वाक्य आम्हांस पुष्कळ दिवस बोचत राहिले.

आपण धान्य घेताना भावाआधी वाण पाहतो, मुठीत दाणे घेऊन पारखतो. येथे मात्र आम्ही नुसता भाव पाहिला. ४५ टक्के वटाव चालू, मागणीच्या ग्रंथावर कोणी देऊ शकत नाही, कारण विक्रेत्यास प्रकाशकाकडून जे सुटते त्यातूनच त्याला वाहतूक, उधारी आणि नफा भागवावा लागतो. एवढा वटाव पडून राहिलेल्या मालावरच मिळतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, वाचनालयाजवळ वर्षास ३०,००० रुपये आहेत आणि ग्रंथाची सरासरी छापील किंमत ३०० रुपये आहे. १० टक्के वटावाने १११ ग्रंथ येतील, २० टक्क्यांनी १२५, आणि ४० टक्क्यांनी १६६. पाहणारास १६६ चा आकडा मोठा दिसतो. पण २४० रुपयांस घेतलेला ग्रंथ ४० वेळा घरी गेला तर दर वाचनास ६ रुपये पडले, आणि १८० रुपयांस घेतलेला ग्रंथ दोनदाच गेला तर दर वाचनास ९० रुपये पडले. महाग कोणता? वाचनालयाचा नफा वाचनात मोजावयाचा असतो, वटावात नव्हे.

परदेशचे दोन दाखले

या बाबतीत परदेशचे दोन दाखले बोधप्रद आहेत. पहिला आपल्या धान्य व्यापाऱ्यांस जवळचा वाटेल. सन १९५४ च्या अमेरिकन कायद्यान्वये, म्हणजे ज्यास आपण ‘पी. एल. ४८०’ म्हणत असू, त्या योजनेत अमेरिकेचा गहू हिंदुस्थानात आला आणि त्याची किंमत रुपयांत जमा झाली. त्या रुपयांतील काही भागातून ग्रंथ खरेदी करण्याची मुभा पुढे त्या सरकारने दिली. सन १९६२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीस कचेरी उघडली, आणि आपल्या देशातील निरनिराळ्या भाषांतील नवे ग्रंथ विक्रेत्यांमार्फत नियमाने घेऊन ते अमेरिकेतील विद्यापीठांकडे पाठविण्यास आरंभ केला. त्यांत मराठी ग्रंथही होते. गव्हाचे रुपये संपल्यावर ती ग्रंथालये स्वतःचे पैसे देऊ लागली, पण पुरवठ्याची घडी मोडली नाही. म्हणून पुण्या-मुंबईचा मराठी ग्रंथ सात समुद्रांपलीकडे पोहोचतो, आणि नागपूर दीड-दोन तासांच्या वाटेवर असता आपल्या कपाटात पोहोचत नाही. येथे अंतर आडवे येत नाही, व्यवस्थेची उणीव आडवी येते.

दुसरा दाखला सावधगिरीचा. बेकर अँड टेलर ही सन १८२८ पासूनची अमेरिकन पेढी हजारो वाचनालयांस ग्रंथ पुरवीत होती. सन २०२५ च्या ऑक्टोबरात तिने कारभार गुंडाळत असल्याचे जाहीर केले, आणि ज्या वाचनालयांनी सारी मागणी तिच्याचकडे नोंदविली होती त्यांस ऐन वेळी नवे विक्रेते शोधावे लागले. सुमारे दोन शतकांची पेढीही बसू शकते, हे व्यापाऱ्याने विसरू नये. मुख्य विक्रेता एक असावा, पण दुसऱ्याशी संबंध तुटू देऊ नये.

करार कसा असावा

वरील अनुभवांवरून आम्हांस पुढील अटी योग्य वाटतात :

(१) निवड समितीची, पुरवठा विक्रेत्याचा. यादीबाहेरचा ग्रंथ केवळ पसंतीवरच स्वीकारावा.

(२) वटाव माफक व ठरलेला असावा, आणि तो ग्रंथावरील छापील किंमतीवर धरावा. चिठ्ठी चिकटविलेला ग्रंथ परत करावा.

(३) पुरवठ्याची मुदत लेखी असावी. मुदतीत न मिळालेल्या ग्रंथाची कारणासह यादी विक्रेत्याने द्यावी.

(४) सदोष प्रत बदलून मिळावी, तिचा खर्च विक्रेत्याकडे.

(५) वर्षातून तीन-चार वेळा थोडे थोडे ग्रंथ घ्यावेत. मार्चअखेर एकदम खरेदी केली की निवड होत नाही, नुसता खर्च होतो.

(६) आपण रक्कम ३० दिवसांत चुकती करावी. ज्याचे पैसे अडकतात तो विक्रेता चांगला माल दुसरीकडे देतो, यात त्याचा दोष नाही.

(७) वाचकांच्या मागणीसाठी रकमेचा एक भाग राखून ठेवावा, आणि त्यातील निम्मा बालवाचकांसाठी.

दिवाळी अंकांची व्यवस्था तर आजच सुरू करता येईल. ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक का. र. मित्र यांनी सन १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून ही मराठी माणसाची वार्षिक मेजवानी आहे. महाराष्ट्रातील वाचनालये ठरलेल्या वर्गणीत अंकांचा संच सभासदांमध्ये फिरवितात, आणि विक्रेते तो संच एकत्र पुरवितात. पंचवीस कुटुंबांनी वर्गणी भरली की संचाची किंमत निघते, आणि अंक शेवटी वाचनालयाचेच राहतात.

खर्चाच्या बाजूसही दोन गोष्टी अनुकूल आहेत. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. आणि टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. तीत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत व ५ किलोपर्यंतचे १०० रुपयांत जाते, कर वेगळा. नियतकालिकांस ती सवलत नाही, हे मात्र ध्यानात असावे. शिवाय नागपूरच्या आडतीवर संत्री उतरवून परतणारी गाडी पुष्कळदा रिकामीच येते. तिच्यात पुस्तकांचा एक गठ्ठा सहज मावेल.

कोणी म्हणेल, पुस्तके हरवतात, फाटतात, त्याचे काय? केंद्र सरकारचे सन २०१७ चे वित्तीय नियमदेखील वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांपर्यंतची हानी, अप्रामाणिकपणा वा हयगय नसल्यास, वाजवी मानतात. धान्यात घट धरणाऱ्या आपणांस ही भाषा परकी नाही. घटीच्या भीतीने कोणी कोठार बंद ठेवीत नाही.

सभासदांस विनंती

दान थांबवावे असे आमचे म्हणणे नाही. दानाची रीत बदलावी, एवढेच म्हणणे आहे. पुस्तकांच्या ऐवजी वर्षाची ठराविक रक्कम द्यावी, आणि ती ‘ग्रंथपुरवठा खाते’ या नावाने वेगळी ठेवावी. वह्यांच्या खरेदीबरोबर प्रत्येक पेढीने एका ग्रंथाची किंमत या खात्यावर लिहावी. घरी मंगलकार्य असता, माहेरवाशिणीच्या नावे, वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ, वाचनालयाच्या मागणीवहीतील एक ग्रंथ आपल्या खर्चाने मागवावा. कारंजाच्या भांडारास प्रती अर्पण करणाऱ्या श्राविका याहून वेगळे काय करीत होत्या?

आणि पुढील वहीपूजनाच्या वेळी, आपल्या दुकानाची मोजदाद आटोपल्यावर, आपण सर्वांनी एकदा वाचनालयात जावे. दाखल नोंदवही उघडावी. शेवटचा क्रमांक आणि त्यापुढील तारीख पाहावी. ती तारीख मागील महिन्याची असेल तर वाचनालय चालू आहे असे समजावे. ती दहा वर्षांपूर्वीची असेल, तर दुकान उघडे आहे पण माल संपला आहे असे समजावे, आणि व्यापाऱ्याने अशा वेळी जे करावयाचे ते करावे. नातवाचा हात धरून आलेल्या त्या वृद्ध बाईस, “तुमच्यासाठी आले आहे,” असे आपणांस सांगता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.